लिंबच्या विहिरीतला गारवा

गेल्या एप्रिलात भर दुपारी साताऱ्याजवळच्या लिंबला गेलो होतो. बारा मोटेच्या विहिरीच्या दहा-बारा पायऱ्या उतरलो आणि मानेवरचा घाम सुकला. आतल्या महालाच्या भिंतीला तळहात टेकवला, तर दगड माठासारखा गार. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात ही विहीर बांधून घेतली. नाव बारा मोटांचं, सोय मात्र पंधरांची. मोटांचं पाणी आमराईला जायचं आणि त्याच पाण्याच्या अंगाला माणसांसाठी महाल. छत्रपती प्रतापसिंह महाराजांची खलबतं इथं चालत, असं सांगतात.

पाण्याचा असा गारवा आजही वापरात आहे. टोरांटो शहरात 2004 पासून ओंटारिओ सरोवराचं 83 मीटर खोलवरचं पाणी उपसून इमारती थंड करतात. ते पाणी चार अंशांचं असतं. इमारतींत फिरणाऱ्या वेगळ्या पाण्याची उष्णता ते शोषून घेतं, मग शहराच्या नळांना जातं. कोयनेच्या शिवसागरातून आपल्याला असं पाणी मिळणार नाही. तळ चार अंशांवर नेणारा हिवाळा इथं पडतच नाही.

पण खोल विहिरीचं पाणी हवेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकं, म्हणजे साधारण 25 अंशांवर टिकून असतं. बाहेर पारा 40 वर असताना हा फरक थोडा नव्हे. ते पाणी स्लॅबमधल्या नळ्यांतून फिरवून पुन्हा विहिरीत सोडलं, तर थेंबही खर्च न होता छताची धग उतरते. एसीसारखी हुडहुडी भरणार नाही, पण पंख्याखाली माणूस नीट काम करू शकेल. एवढंच तर हवं असतं. विहीर मात्र मोठी हवी, नाहीतर परतीच्या पाण्यानं तीच तापेल.

जमिनीच्या पोटावर भरवसा ठेवणं शेजारच्या सांगलीला नवं नाही. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांनी पिढ्यान्‌पिढ्या हळद राखली, विजेच्या एका युनिटाशिवाय. त्यातली कितीतरी पेवं 2005 च्या महापुरानं नासवली. ते निसर्गानं केलं. वाड्यांतले आड आणि गावविहिरी तर आपण हातानं बुजवतोय, वर पेव्हर ब्लॉक बसवतोय आणि शेजारच्या कचेरीत एसी लावतोय. याचा मला मनापासून राग येतो.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या नगरपालिकांनी एखादी विहीर बुजवण्याचा ठराव मांडण्याआधी मे महिन्यात तिच्यात दोरीनं थर्मामीटर सोडावा आणि तो आकडा ठरावाच्या कागदावर लिहावा.