जुन्या मोटारी आणि ‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न

पन्नास वर्षांहून अधिक जुन्या मोटारींची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने 2021 साली लागू केले. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, अशी ही व्यवस्था आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही तीतील मुख्य अट. अट रास्तच आहे. परंतु हे तिन्ही शाबूत ठेवूनही गाडीचे मूळ रूप पार पुसून टाकता येते, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली बहुधा तेच घडत असते.

कारखान्यातून बाहेर पडणारी मोटार सर्वांगाने चकाकत नसे. साठच्या दशकातील अनेक अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटच्या बिजागऱ्या फॉस्फेटच्या करड्या-काळ्या थराच्या असत. बारीक नटबोल्ट व पट्ट्यांवर कॅडमियमचा किंवा जस्ताचा मंद मुलामा असे. कित्येक ओतीव भाग उघडेच सोडले जात. कोणत्या भागाला काय द्यायचे हे सौंदर्यदृष्टीने नव्हे, तर गंज, घर्षण आणि खर्च यांच्या हिशेबाने ठरत असे. जेथे गिऱ्हाइकाची नजर पोहोचायची नाही तेथे रंगाचा फवारा ओझरताच मारलेला असे, क्वचित ओघळही तसेच राहत. त्या काळच्या कारखानदारीचा इतिहास या ओघळांतही आहे. आजचा हौशी मालक मात्र तेच भाग क्रोमने मढवतो, लांबी भरून पत्रा आरशासारखा करतो आणि त्यावर आधुनिक पारदर्शक लेप चढवतो. अशी गाडी नवी दिसते, पण ती कधीच तशी नवी नव्हती.

मूळ थर ओळखणे हे अंदाजाचे काम नाही. ऊन आणि हवा जेथे पोहोचलेली नसते तेथे तो टिकून राहतो: गॅस्केटच्या कडेखाली, क्लिपांच्या मागे, वॉशरखाली, दाराच्या रबराआड, गालिच्याखालच्या पत्र्यावर. एखाद्या आडोशाच्या जागी वॉटर पेपरने अगदी हलक्या हाताने घासत गेले, की झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकेका रंगाची कडी उघडी पडते आणि तळाशी कारखान्याचे अस्तर दिसते. त्याला कारखान्याच्या पुस्तिका, जुनी छायाचित्रे आणि त्याच सुमाराच्या अस्पर्श राहिलेल्या दुसऱ्या गाडीची जोड मिळाली, तर निर्णय बऱ्याच खात्रीने करता येतो. मात्र हे सारे सुटे भाग आम्लाच्या टाकीत बुडवण्यापूर्वी करावे लागते. वाळूच्या माऱ्याने एकदा पत्रा पांढराफटक झाला, की विचारायला साक्षीदार उरत नाही.

केवळ ऐकीव माहितीवर विसंबण्यात किती धोका आहे, याचे फोर्डची मॉडेल टी हे उत्तम उदाहरण आहे. ही गाडी काळीच, असा सार्वत्रिक समज. वस्तुतः केवळ काळा रंग हा नेम 1914 ते 1925 या वर्षांतला. 1908 साली सुरू झालेल्या या गाडीच्या पहिल्या वर्षांत हिरवे, करडे, लाल असे रंग होते. तेव्हा 1910 सालची मॉडेल टी ‘अस्सल’ व्हावी म्हणून काळी रंगवणारा माणूस प्रामाणिक असूनही तिला खोटे रूप देत असतो.

अस्सलपणाचा हट्ट दुसऱ्या टोकाला नेणेही शहाणपणाचे नाही. कॅडमियम विषारी आहे; त्याच्या मुलाम्यासाठी कारागिराचे आरोग्य पणाला लावण्यापेक्षा जस्त वापरावे आणि तशी स्पष्ट नोंद ठेवावी. लपवलेली तडजोड तेवढी आक्षेपार्ह.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील 1964 सालची फियाट 1100 डिलाइट आज या नियमांत बसते. तिचीच पुढची पिढी असलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. पण त्या गाड्यांच्या कोणत्या भागावर कोणता थर होता, हे कोणी टिपून ठेवावे असे फारसे कोणाला वाटले नाही. साठच्या दशकात त्या रंगखात्यात उभे राहिलेले कामगार आता ऐंशीच्या घरात असतील.

गाडी तपासून ती व्हिंटेज नोंदणीस पात्र आहे की नाही हे ठरवण्यासाठी राज्यांनी समित्या नेमाव्यात, अशी तरतूद नियमांतच आहे. या समित्यांनी चॅसिसचा क्रमांक पडताळून थांबू नये. रंग खरवडण्यापूर्वीची छायाचित्रे, कोणत्या भागाखाली काय सापडले याचे टिपण आणि जुन्या मुलाम्याचे निदान चार बोल्ट जसेच्या तसे जपून ठेवल्याचा पुरावा, एवढे तरी अर्जासोबत मागावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि मालकाला येणारा खर्च क्रोमच्या एका बंपरपेक्षाही कमीच होईल.