आग्रह पंक्तीचा, निग्रह मात्र एकट्याचा?

नुकत्याच संपलेल्या एका व्याख्यानमालेत एका वक्त्यांनी मधुमेहींच्या गटांवर तासभर कोरडे ओढले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भात, पोळी, भाकरी कमी करण्याचं खूळ परदेशातून आलं, ते आपल्या पोटाला मानवणारं नाही. लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा, आहार इतर आहारांपेक्षा सरस नाही, हे शास्त्रानंच सिद्ध केलं आहे. शिवाय असल्या गटांत अर्धवट वैद्य बोकाळतात. आणि ज्याच्या अंगी खरा मनोनिग्रह आहे तो एकटाच हे करून दाखवतो. दर आठवड्याला सतरंजीवर जमून एकमेकांना साखरेचे आकडे सांगणारी माणसं दुबळी असतात, त्यांना पथ्य नको असतं, कौतुक हवं असतं.

या शेवटच्या वाक्याला सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीची पाकिटं असणार. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला ‘मन घट्ट करा’ एवढंच सांगून घरी धाडायचं, याला मी उपदेश म्हणायला तयार नाही. ही जबाबदारी झटकणं आहे.

परदेशी खुळाचा मुद्दा आधी निकालात काढते. चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराच्या, कारणांत बैठं सुख, झोपेचं सुख, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावं आहेत, आणि पथ्यात मुख्य अन्न म्हणून यव, म्हणजे जव, सांगितले आहेत. तिकडे युरोपात जॉन रोलो नावाच्या लष्करी डॉक्टरनं मधुमेह्याचं पिष्ट आणि साखर तोडण्याचा उपाय १७९७ साली छापून मांडला. इन्सुलिन सापडलं १९२१ साली, माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये. तोवर डॉक्टरांच्या हातात ताटाखेरीज फारसं काही नव्हतंच. म्हणजे ज्याला खूळ म्हणून हिणवलं, तो या आजारावरच्या सर्वांत जुन्या उपायांपैकी एक आहे. आणि आपल्या मातीचंच म्हणाल तर आमच्या एकादशीची साबुदाण्याची खिचडी पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही मूळची अमेरिका खंडांतलीच. ती खिचडी उपासाला चालते आणि भात कमी केला की संस्कृती बुडते, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगावं. देशावरच्या कोरडवाहू गावांत दोन पिढ्यांमागे भात सणावारीच शिजायचा. तेव्हा काय संस्कृती नव्हती?

शास्त्राच्या मुद्द्याला मात्र थोडा वेळ देते, कारण तिथे श्रोत्यांना अर्धंच सांगितलं गेलं. वक्त्यांचा रोख बहुधा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाकडे असावा. त्यात ६०९ माणसांचे दोन भाग केले, एकाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा. वर्षाअखेर पहिल्यांचं वजन सरासरी ५.३ किलोनं उतरलं, दुसऱ्यांचं ६ किलोनं. संशोधकांनी हा फरक लक्षणीय मानला नाही. इथवर वक्ते बरोबर आहेत. पण त्या दोन्ही भागांतल्या माणसांना घरी एकटं सोडलं नव्हतं. वर्षभरात त्यांच्यासाठी २२ बैठका ठेवल्या होत्या, त्याही लहान लहान गटांत. दोन वेगळ्या ताटांना एकच सतरंजी होती आणि दोन्हीकडे वजन उतरलं. हा अभ्यास गटांच्या विरोधात वापरायचा असेल तर आधी तो शेवटपर्यंत वाचायला हवा. त्यातलीच आणखी एक गोष्ट: दोन्ही भागांत कुणाचं वजन ३० किलोच्या आसपास उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. म्हणून प्रत्येकानं भात सोडलाच पाहिजे असं आमच्या मधुमेहींच्या गटात कुणी म्हणत नाही. ज्याची साखर भातानं उसळते त्यानं तो कमी करावा, आणि उसळते की नाही हे जेवणानंतर दोन तासांनी मोजून ठरवावं.

आता मनोनिग्रह. सगळ्यात जास्त टाळ्या याच मुद्द्याला पडल्या आणि माझा सगळ्यात जास्त राग याच मुद्द्यावर आहे.

आपल्याकडे खाणं कधी एकट्याचं असतं? सत्यनारायणाचा शिरा हातावर पडतो आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. संक्रांतीला दारोदार तिळगूळ. बारशाला पेढा, निकालाला पेढा, नव्या गाडीला पेढा. कार्यालयात कुणाचा तरी वाढदिवस असतोच. पंक्तीत नको म्हटलं तर वाढणारी ताटावरचा हात बाजूला करून पुरणपोळी वाढते आणि आजूबाजूचे चौघे तिला साथ देतात: एकानं काय होतंय, आज सणाचं तरी खा, आमच्या हातचं आवडलं नाही वाटतं. हे लोक वाईट नसतात. आग्रह हीच त्यांची माया असते. पण त्या मायेपुढे रोज, वर्षानुवर्षं, एकट्यानं हात आडवा धरून बसायचं, ही अपेक्षा कुठल्या माणसाकडून करता? खायला घालायला सगळा गाव एकत्र येतो, तर न खाण्यासाठी दहा माणसं एकत्र आली तर ती दुबळी कशी?

आणि ज्यांनी ‘एकट्यानं’ करून दाखवलं म्हणतात, त्यांच्या घरात जरा डोकवा. तो निग्रही पुरुष भाताऐवजी कोबी खातो, पण तो कोबी किसतं कोण? दोन अंड्यांची पोळी, मेथीची परतून केलेली भाजी, काकडीची कोशिंबीर, वाटीभर घट्ट दही, हे सगळं वेळेवर पुढ्यात ठेवतं कोण? मुलांसाठी पोळ्या, सासूबाईंसाठी मऊ भात आणि यांच्यासाठी तिसरंच काही, अशी तीन ताटं एका ओट्यावर करणारी बाई त्याच्या निग्रहाच्या हिशेबात कुठे असते? त्यालाही गट होताच. फक्त त्या गटात एकच माणूस होतं आणि त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

उलट त्या बाईलाच मधुमेह झाला की काय होतं ते बघा. ती सगळ्यांत शेवटी जेवते. तोवर भाजी संपलेली, उसळीच्या पातेल्याला तळ लागलेला. उरतो तो भात. अन्न टाकायचं नाही हे तिच्या हाडीमासी खिळलेलं, म्हणून सकाळचा भात संध्याकाळी फोडणीला पडतो आणि तोही तिच्याच ताटात. तिला मनोनिग्रहाचा पाठ देणाऱ्याला स्वयंपाकघराचा उंबरा ठाऊक नाही. आमच्या गटात येणाऱ्या बायकांनी पहिला बदल केला तो हाच: वाढण्याआधी स्वतःची भाजी आणि उसळ वेगळ्या डब्यात काढून ठेवायची. ही युक्ती कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. एकीनं सांगितली, दुसरीनं घरी करून पाहिली, सासूचं बोलणं खाल्लं, ते पुढच्या बुधवारच्या बैठकीत सांगितलं आणि त्यावर तिसरीनं तोड काढली.

मनोनिग्रहाला आणखी एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे हिशेब. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं, ही लो-कार्बची सर्वसाधारणपणे धरली जाणारी सीमा आहे. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण ४० ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या भातातही जवळपास तेवढीच. म्हणजे दोन भाकऱ्या आणि वर वाटीभर भात घेतला की दुपारीच दिवसाचा वाटा जवळपास संपला, आणि चहाची साखर अजून मोजायचीच आहे. ज्वारी ‘हलकी’ म्हणून चार भाकऱ्या खाणारा, गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून खडाभर तोंडात टाकणारा, उपास म्हणून वरी आणि रताळी खाणारा माणूस कमजोर मनाचा नसतो. त्याला कुणी शेजारी बसवून सांगितलेलं नसतं, एवढंच. डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याला पाच मिनिटं मिळतात, आणि ती गोळ्या लिहिण्यात जातात.

ही चेष्टा मला नवी नाही. दारू सोडणाऱ्यांनी एकत्र बसायला सुरुवात केली तेव्हा हेच ऐकलं, की ज्याला सोडायची तो सोडतो, सभा कशाला. बायकांचे बचत गट निघाले तेव्हा तर गावोगाव हसू झालं: ज्यांना घरात पैसा ठेवता येत नाही त्या चावडीत बसून काय ठेवणार? महिन्याला थोडे थोडे रुपये टाकत त्या बायकांनी सावकाराच्या दारातली फेरी बंद केली, आणि हसणारे नंतर त्याच गटांकडे हातउसने मागायला आले. त्या वेळी मी वाद घातला होता, आजही तोच घालते आहे, हसणारी माणसंही तशीच आहेत. दर वेळी त्यांना एकट्यानं लढणारा वीर हवा असतो. एकत्र येऊन तगून राहिलेली साधी माणसं त्यांना पाहवत नाहीत.

गटानं आजार आटोक्यात आणणं ही जुनी वैद्यकीय रीत आहे. बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरनं १९०५ साली क्षयाच्या गरीब रुग्णांचा वर्ग सुरू केला. ते आठवड्याला जमत, रोजच्या नोंदी आणत, वजनं मोजत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच या गृहिणीची गोष्ट तर आपल्या वक्त्यांनी मुद्दाम वाचावी. तिला आहाराचा तक्ता सरकारी दवाखान्यातून मिळालाच होता. तो एकटीनं पाळता येईना, म्हणून तिनं मैत्रिणींना घरी बोलावलं आणि १९६३ साली त्यातून मोठी संस्था उभी राहिली. पुढे त्याचा धंदा झाला, ते मला आवडत नाही. पण तक्ता होता आणि सोबत नव्हती, हे तिचं दुखणं तंतोतंत आपल्याकडचंच आहे.

लो-कार्बच्या बाबतीत इंग्लंडमधल्या साउथपोर्टचे डॉक्टर डेव्हिड अन्विन यांच्या दवाखान्याचं उदाहरण देते. कर्बोदकं कमी करण्याचा मार्ग तिथे रुग्णांपुढे ठेवला गेला, एकेकट्याला आणि गटातही. २०२३ साली त्यांनी मांडलेल्या हिशेबात हा मार्ग निवडणाऱ्या १८६ मधुमेहींपैकी निम्म्यांहून थोड्या अधिक जणांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. आजार नवा असताना सुरुवात केली त्यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त होतं. ती माणसं स्वतःहून पुढे आलेली होती, त्यामुळे सगळ्यांनाच असं फळ मिळेल असा दावा मी करणार नाही. पण हे शक्य आहे एवढं तरी लोकांना कळू द्या.

अर्धवट वैद्यांचा आक्षेप खरा आहे. गटात कुणीतरी उठतो आणि म्हणतो, माझं इन्सुलिन सुटलं, तुम्हीही सोडा. हे जिवावर बेतू शकतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना भात एकदम कमी केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांवर असताना फारच कमी कर्बोदकं खाल्ली तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं आणि गरोदर बाईनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नये. म्हणून आमच्याकडे गोळीच्या मात्रेवर बोलायला बंदी आहे. नव्यानं येणाऱ्यानं आधी आपल्या डॉक्टरांना सांगून यायचं. पण काही गट वाईट चालतात म्हणून गटच नकोत, हा न्याय लावला तर निम्मी व्याख्यानंही बंद करावी लागतील.

भात कमी करून तेल-तूप वाढलं तर हृदयाचं काय, या प्रश्नाला उत्तर एवढंच की चरबीची तपासणी वेळच्या वेळी करा आणि तुपाची वाटी तोंडाला लावा असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप वक्त्यांनी घेतलाच नाही, तो मीच मांडते. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि ते धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. अंडी, पनीर, मासे, पालेभाजी विकत घ्यावी लागते. मजुरी करणाऱ्या बाईला भात अर्धा कर म्हणताना उरलेली भूक कशानं भागवायची हे सांगता आलं पाहिजे. आमच्याकडे आजवर जी उत्तरं निघाली ती साधी आहेत: शेंगदाण्याचं कूट घातलेली घट्ट पालेभाजी, मोड आलेली मटकी, सुकटाची चटणी, उकडलेलं अंडं, ताक, आणि ताटात भाकरी शेवटी. यानं सगळ्यांचं भागत नाही. डाळ आणि अंडी स्वस्त होणं गटाच्या हातात नाही, त्यासाठी सरकारशीच भांडावं लागेल.

तोवर एक काम लगेच होण्यासारखं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला ठरल्या दिवशी रांग लागते. त्या रांगेतल्या दहा-पंधरा माणसांना गोळ्या हातात ठेवण्याआधी अर्धा तास एकत्र बसवा. आशाताईला एक साखर मोजायचं यंत्र आणि पुरेशा पट्ट्या द्या. काल रात्री काय जेवलात हे प्रत्येकानं सांगायचं, आणि घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पुढच्या खेपेला सोबत आणायचं. जो मधेच चार महिने आला नाही, त्याला परत आल्यावर कारण विचारायचं नाही. त्याला जागा द्यायची आणि त्याची साखर मोजायची.