आधी थांबणे, मग वेग

शिवाजी पेठेत संध्याकाळी चाकांचे बूट घालून निघालेली मुले पाहताना आमची नजर प्रथम ब्रेककडे जाते. चारचाकी स्केटला चवड्यापुढे रबरी स्टॉपर असतो. मागच्या पायाने तो जमिनीला घासत थांबावयाचे असते. एका ओळीतील चाकांच्या स्केटचा ब्रेक टाचेमागे असतो. पाय पुढे सरकवून, चवडा उचलून तो दाबावा लागतो. पुष्कळदा हे रबर झिजलेले दिसते, वा शर्यतीच्या हौसेने काढून टाकलेले. शर्यतपटू ब्रेकविना धावतो हे खरे. परंतु मागचा पाय आडवा घासून थांबण्याची कला त्याने आधी कमावलेली असते.

अठराव्या शतकात लंडनमध्ये जोसेफ मर्लिन हे कारागीर स्केटवरून व्हायोलिन वाजवीत मेजवानीत शिरले आणि थांबता न आल्याने मौल्यवान आरशावर आदळले, अशी आख्यायिका आहे. त्यांच्यापाशी ब्रेक नव्हता. आज तो उपलब्ध असूनही मुलांच्या पायी नसावा, हे आम्हांस मान्य नाही.

वसतिगृहातील मुलांच्या वाट्याला येतात ते बहुधा वापरलेले स्केट. दात्यांनी त्यांसोबत नवे स्टॉपरही द्यावेत आणि शाळेने पहिला धडा थांबण्याचाच द्यावा. आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या लेकरांच्या गुडघ्यांची जबाबदारी आपलीच आहे.