रक्तगट जुळला, पण पिशवी लागू पडेना

‘अर्जंट, बी पॉझिटिव्ह, एसडीपी डोनर हवा.’ हा निरोप महिन्यातून एकदा तरी आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. आपण तो चार ग्रुपांवर ढकलतो आणि कर्तव्य केल्यासारखे झोपतो. प्लेटलेट म्हटलं की आपल्याला डेंग्यू आठवतो, फार तर पपईच्या पानांचा रस. ब्लड कॅन्सरच्या वॉर्डात मात्र सकाळ प्लेटलेटच्या आकड्याने उजाडते. केमोनंतर तो १०,०००च्या खाली गेला की रक्तस्रावाची वाट न पाहता पिशवी चढवतात. एका एसडीपीने, म्हणजे एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेटच्या पिशवीने, तो साधारण ३० ते ५० हजारांनी वाढावा. काहींचा तो हलतच नाही. आधी आठ हजार, पिशवी संपून तासाभराने नऊ हजार.

बरेचदा कारण ताप, जंतुसंसर्ग किंवा वाढलेली प्लीहा असते. उरलेल्यांत खरी गोम एचएलएची. रक्तगट लाल पेशींवरून ठरतो; प्लेटलेटवर एचएलएच्या वेगळ्या खुणा असतात. फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी त्यांतली पहिली १९५८ मध्ये ओळखली आणि १९८० चं नोबेल मिळवलं. आधी चढवलेल्या रक्तातून किंवा बाळंतपणांतून शरीराला परक्या खुणा कळतात, मग त्या खुणेची प्लेटलेट आली की प्रतिपिंडं तिचा फडशा पाडतात.

इथे नात्यांची पंचाईत होते. मुलांना जन्म दिलेल्या बाईची प्रतिपिंडं नवऱ्याकडून मुलांत उतरलेल्या खुणांविरुद्ध असू शकतात. म्हणजे बाहेर बाकावर बाही सारून बसलेले नवरा आणि मुलगा हेच तिला सर्वांत कमी उपयोगाचे! सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आणि पुढे त्याच्याच मूळपेशी घ्यायच्या असतील, तर त्याआधी त्याच्या प्लेटलेट घेणं डॉक्टर टाळतात. शिवाय नातलगाची किंवा जुळवलेली पिशवी इरॅडिएट करावी लागते, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या अंगात बस्तान बसवून त्याच्यावरच उलटू शकतात.

तेव्हा दाता बहुधा परकाच हवा, आणि तो आधीच माहीत हवा. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, सतत हलत ठेवून जेमतेम पाच दिवस टिकतात. जुळणारी पिशवी कपाटात राखून ठेवता येत नाही. दात्याचं नाव यादीत राखता येतं. ब्रिटनची सरकारी रक्तसेवा एचएलए तपासलेल्या दात्यांची अशी यादी बाळगते आणि रुग्णाला चालणाऱ्या दात्याला बोलावून घेते. सगळ्या खुणा जुळल्याच पाहिजेत असंही नाही, नेमकी नडणारी खूण टाळली तरी पुष्कळदा भागतं.

आपल्याकडे हे अशक्य म्हणणाऱ्यांनी चेन्नईच्या ‘दात्री’कडे पाहावं. मूळपेशींसाठी का होईना, एचएलए तपासलेल्या दात्यांची नोंदवही तिथे आहे. नियमांप्रमाणे एक माणूस ४८ तासांच्या अंतराने, वर्षात २४ वेळा एसडीपी देऊ शकतो. तपासणी महाग आहे, मान्य. पण एचएलए जन्मभर बदलत नाही, ती एकदाच करायची. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रक्तकेंद्रांनी निदान आपल्या नेहमीच्या दात्यांपासून सुरुवात करावी आणि खर्च सरकारने उचलावा. तो रुग्णाच्या बिलात घालणं मला तरी पटत नाही.

मी स्वतः एसडीपी दिलं आहे. दीड तास खुर्चीत, ओठांना मुंग्या, शेवटी बिस्किटाचा पुडा. फॉर्मवर वजन, रक्तगट, आदल्या रात्रीची झोप, सकाळचा नाश्ता, सगळं विचारलं होतं. एचएलए तपासणीला संमती आहे का, असा रकाना नव्हता.

— वाटसरू