वडशाची मंडळी आणि पुण्याचा खेळ

पदवीच्या वयाचं पोरगं घरात असलं की हल्ली एक नवंच बोलणं कानावर येतं : "मी एम.बी.ए. करीन आणि गेम बनवणारी कंपनी काढीन." बापाला वाटतं, मोबाईलवर खेळून खेळून याचं डोकं फिरलं. रागावू नका, मंडळी. धंदा नवा असला तरी त्याची रीत आपल्या झाडीपट्टीला अनोळखी नाही.

वडशाच्या नाटक कंपन्या डोळ्यांसमोर आणा. धानाची कापणी आटोपली की त्यांचा हंगाम. लेखक, नट, गायक, पडदे रंगवणारा, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा, तारखा घेणारा, उचल देणारा निर्माता. गेमचा स्टुडिओ म्हणजे अशीच मंडळी. कथा, चित्रं, संगीत तेच. वर संगणकाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅमर. एम.बी.ए.त शिकवतात ते निर्मात्याचं काम : पैसा, माणसं, बाजार. नाटक कसं रचावं हे तिथं शिकवीत नाहीत. म्हणून मुलाला आधी विचारा, या मंडळीत तू कोण?

फरक आहे तो पैशाचा. नाटकाची कमाई त्याच हंगामात हाती येते. गेमला दोन-तीन वर्षं नुसते पगार द्यावे लागतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं आपल्या पुराणकथांवर 'राजी' नावाचा गेम करायला घेतला. २०१७ साली इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, ती ठरल्याइतकी जमली नाही. पुढं प्रकाशक मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम बाजारात आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकासाठी पदार्पणाच्या गटात त्याचं नाव लागलं. मधल्या वर्षांत घरचा तवा कसा तापत राहील, याचा हिशेब आधी मांडावा लागतो तो असा.

आता वाट पाहू. कोणत्याही शाखेची पदवी, ५० टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ४५), आणि नोव्हेंबरअखेरीस होणारी कॅट परीक्षा. आपल्याला जवळची संस्था म्हणजे नागपूरचं आय.आय.एम., २०१५ साली सुरू झालेलं. फी लाखांत जाते, शैक्षणिक कर्ज काढावं लागतं, आणि शिक्षण संपलं की काही महिन्यांत हप्ते सुरू. त्याच वेळी स्वतःचा स्टुडिओ काढणं म्हणजे ऐन रोवणीत बैल विकणं. माझं मत विचाराल तर आधी तीन-चार वर्षं नोकरी. पुण्यात युबिसॉफ्टसारख्या परदेशी कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. सोबत रात्री एखादा छोटा गेम पुरा करावा. गोडो नावाचं साधन फुकट मिळतं, गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. दहा छोटे अर्धवट ठेवण्यापेक्षा एक पुरा केलेला दाखवायला बरा.

नोकरीचा करारनामा मात्र नीट वाचायला सांगा. नोकरीत असताना केलेला गेम कोणाच्या मालकीचा, हे त्यात लिहिलेलं असतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवतात ना? १९८३ साली त्यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून एच.एम.टी. धान घडवलं. ते दूरदूर पेरलं गेलं, पण दादाजी २०१८ साली गेले तोवर गरिबी सुटली नव्हती. वाण ज्याचं त्याच्या हाती राहिलं नाही, तसं गेमचंही होऊ शकतं.

आणि पैसे लावून खेळायच्या खेळांचा मोह कोणी दाखवला तर सरळ नाही म्हणा. असे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

मुलगी हेच म्हणाली तरी हिशेब हाच. 'राजी'ची चित्रं सांभाळणाऱ्या श्रुती घोष त्या स्टुडिओच्या संस्थापकांपैकी आहेत, आणि गेममधली राजीसुद्धा राक्षसांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेली एक मुलगीच आहे.