वाटीतले दूधही आईचेच

माझ्या लेकीचे बाळ छातीला लागेना. ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पंपाने दूध काढून वाटी-चमच्याने पाजते. तरी आमच्या साकीनाक्यात येणारी-जाणारी विचारतेच, ‘वरचे दूध का ग देतेस?’ अहो, वरचे कसले? ते तिचेच दूध!

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू केली. इतर मातांनी काढून दिलेल्या दुधावर तिथे अपुऱ्या दिवसांची बाळे वाढली. परक्या आईचे काढलेले दूध चालते, मग स्वतःच्या आईचे का चालू नये?

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला कामावर रोज दोनदा स्तनपानाची सवड दिली. पण बाळ घरी आणि आई अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या ऑफिसात, तर तिने दूध काढायचे कुठे? स्वच्छतागृहात? आतून कडी लागणारी एक खोली आणि एक फ्रिज एवढेच तिला हवे. फ्रिजमध्ये हे दूध चार दिवस टिकते.

आणि घरच्यांनी? उपदेश आवरावा. रात्री दोनला पंप धुऊन उकळायला कुणीतरी उठावे, म्हणजे तिला तासभर झोप मिळेल.