पाचवीत गेला, पण वाचता येईना



आपल्या वस्त्यांमधून एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. मूल रोज शाळेत जाते, दरवर्षी पुढच्या वर्गात बसते, प्रगतिपुस्तकावरचा शेराही बरा असतो. पण हातात पुस्तक दिले तर दोन ओळी धड वाचता येत नाहीत. आई चार घरची धुणीभांडी करून वह्या-दप्तर पुरवते. बाप पाळीवरून आल्यावर विचारतो, "अभ्यास झाला का रे?" आणि पोरगं नुसती मान हलवतं. सातवी-आठवीत इतिहास, विज्ञान, गणिताची उदाहरणे सगळेच वाचून समजून घ्यायचे असते. तिथे ते बुडते आणि एक दिवस शाळा सुटते. मग घरचेच म्हणतात, "त्याचं डोकंच चालत नाही."

हे खरे नाही. प्रथम या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले ४८.८ टक्केच निघाली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले अडलेली. एवढी सगळी मुले मठ्ठ कशी असतील?

सातारा जिल्ह्यातील फलटण येथे या प्रश्नावर फार मोलाचे काम झाले आहे. अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सिन बर्नसन तिथे बोलीचा अभ्यास करण्यासाठी आल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेऊन फलटणकरच झाल्या. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक डॉ. एलिनॉर झेलियट यांच्यासोबत त्यांनी ग्रंथसंपादनही केले. दलित वस्तीतील वाचता न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी वर्ग चालवले. त्या कामातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली.

तिथल्या पद्धतीचे मर्म आपल्यालाही घरी उपयोगी पडेल असे आहे. आपण मुलांना क, ख, ग, घ, ङ असे ओळीने शिकवतो. त्यात 'ङ' आणि 'ञ' ही अक्षरे रोजच्या शब्दांत जवळजवळ येतच नाहीत. मूल बाराखडी गाण्यासारखी म्हणते, पण मधलेच एखादे अक्षर दाखवले की गोंधळते. फलटणच्या पद्धतीत सगळी मुळाक्षरे एकदम न घेता थोड्या अक्षरांचा गट घेतात आणि लगेच त्यांचे शब्द करतात. उदाहरणच घ्यायचे तर न, म, क, र, ल ही पाच अक्षरे आणि काना एवढ्यावर नाक, कान, मान, काम, कमान, मामा हे शब्द होतात. "मामा, काम करा" हे पूर्ण वाक्यही होते. पहिल्या काही दिवसांतच मुलाला कळते की आपण वाचू शकतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात पण तिचा उच्चार नंतर होतो, म्हणून ती मुलांना जड जाते. ती आणि जोडाक्षरे सावकाश घ्यावीत.

दुसरी गोष्ट भाषेची. मूल घरी "व्हतं", "नाय" म्हणते आणि पुस्तकात "होते", "नाही" असते. 'पाणी' हा शब्द ते 'पानी' असा वाचते. त्याने शब्द बरोबर ओळखलेला असतो, उच्चार तेवढा घरचा असतो. तिथे दरडावले की पोर तोंडच उघडत नाही. आधी त्याला धीटपणे वाचू द्यावे, पुस्तकी भाषा सवयीने येते.

आता पालकांसाठी. आपले मूल कुठे अडले आहे हे आजच पाहा. आधी सुटी अक्षरे दाखवा, मग साधे शब्द, मग पहिलीचा छोटा उतारा, मग दुसरीची गोष्ट. जिथे ते अडखळेल ती त्याची पायरी. पाचवीतले मूल शब्दांवर अडत असेल तर शब्दांपासूनच सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. पाठ केलेला धडा वाचल्याचे सोंग अनेक मुले करतात, म्हणून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा.

ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिनेही मागे राहू नये. भाकऱ्या थापताना मुलाला शेजारी बसवा, पंधरा मिनिटे मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "मग पुढं काय झालं?" त्याला सांगता आले तर ते समजून वाचते आहे. अडखळत वाचणारे मूल ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून तीच गोष्ट तीन-चार दिवस पुन्हा वाचू द्या. मारू नका, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. इतके करूनही वाचन पुढे सरकत नसेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. तिचे प्रमाणपत्र असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

वस्तीतील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आमची एक विनंती आहे. संध्याकाळी तासभर विहारात किंवा समाजमंदिरात मुलांना घेऊन बसा. इयत्ता विचारू नका. अक्षरवाले, शब्दवाले आणि गोष्टवाले असे तीन गट करा. प्रथम संस्थेनेही मुलांचे गट असेच पायरीप्रमाणे केले. फळा, खडू आणि पहिली-दुसरीची जुनी पुस्तके एवढे साहित्य पुरे आहे. महिन्याने पुन्हा तपासा आणि कोण कोणत्या गटातून वर सरकले ते वहीत लिहून ठेवा.